एका पेनीचं जेवण

फुटबॉलचा क्लब म्हटला की आठवतात गोल आणि चषक. ग्लासगोचा सेल्टिक क्लब मात्र उपाशी मुलांसाठी जन्मला, हे वाचल्यापासून ब्रदर वॉलफ्रिड माझ्या मनातून जात नाहीत.

मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. जन्म १८४०, आयर्लंडमधल्या बॅलिमोटचा. बटाट्याच्या दुष्काळाची झळ त्यांनी बालपणीच पाहिली. पुढे ग्लासगोला येऊन ते मारिस्ट धर्मबंधू आणि शिक्षक झाले. तिथल्या गरीब आयरिश वस्तीतली मुलं रिकाम्या पोटी शाळेत येत. वॉलफ्रिड त्यांना एका पेनीत जेवण देऊ लागले. पेनी नसेल तर फुकट. ती पेनी मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे मुलाला आपण भिकारी आहोत, असं वाटत नसणार.

पण खर्च भागेना. म्हणून नोव्हेंबर १८८७ मध्ये क्लब स्थापन झाला. २८ मे १८८८ रोजी पहिल्याच सामन्यात रेंजर्सना ५-२ असं हरवलं. सामन्यांच्या पैशांतून ताटं भरू लागली.

१८९२ मध्ये वॉलफ्रिडांची लंडनला बदली झाली. १८९७ मध्ये क्लबची कंपनी झाली. भागधारकांना लाभांश मिळू लागला, मुलांच्या जेवणाची मदत आटली. १९१५ मध्ये वॉलफ्रिड गेले.

२००५ पासून मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. क्लबची धर्मादाय संस्थाही काम करते. पण पुतळ्यापेक्षा भरलेलं ताट पाहूनच ते सुखावले असते, असं मला वाटतं.