कळतें, परंतु वळत नाहीं : कवि पेत्रार्क

कळतें, परंतु वळत नाहीं, ही मनुष्याची जुनी व्यथा आहे. इटलीचा भावकवि फ्रान्चेस्को पेत्रार्क ह्यानें ती स्वतःच्या ठिकाणीं निर्भयपणें पाहिली, म्हणून त्याचें चरित्र आम्ही ह्या महोत्सवप्रसंगीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्याचा जन्म १३०४ सालीं आरेत्सो नगरीं झाला. पिता फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेला होता. पुढें हें कुटुंब आव्हिन्यों नगराकडे गेलें. त्या काळीं पोपमहाशयांचें वास्तव्य तेथें असे. पित्याच्या इच्छेनें पेत्रार्कानें कायद्याचा अभ्यास केला. पण १३२६ सालीं पिता निवर्तल्यावर तो सोडून त्यानें ख्रिस्तसभेची कनिष्ठ दीक्षा घेतली. पुढल्याच वर्षीं ६ एप्रिल रोजीं संत क्लारा हिच्या मंदिरांत लॉरा नामक स्त्री त्याच्या दृष्टीस पडली. ती त्याला कधींच लाभली नाहीं. १३४८ च्या महामारींत ती वारली. तथापि तिच्या ध्यासांतून उपजलेलीं गीतें युरोपांतील कवींना कित्येक शतकें आदर्श झालीं.

१३३६ च्या एप्रिलांत तो धाकटा बंधु गेरार्दो ह्यासह व्हाँतू पर्वतावर चढला. गेरार्दो उभ्या चढणीनें सरळ वर गेला. पेत्रार्क मात्र सोपी वाट शोधीत खालच्या दऱ्यांतच भटकत राहिला. अखेर शिखरावर पोहोंचून त्यानें संत अगस्तीन ह्यांचें आत्मनिवेदन उघडलें, तों पर्वत व समुद्र पाहून विस्मित होणारा मनुष्य स्वतःकडे मात्र पाहत नाहीं, हाच विचार समोर आला. तो मुकाट्यानें खालीं उतरला.

पुढें आयुष्यांतही तसेंच घडलें. १३४१ सालीं रोम येथें पेत्रार्काच्या मस्तकीं कवीचा पर्णमुकुट चढला; १३४३ सालीं गेरार्दो कार्थुसियन मठांत गेला, आणि महामारींत मठबंधूंची शुश्रूषा करून त्यांना मूठमाती देत राहिला.

पेत्रार्कानें 'सेक्रेतुम' नामक लॅटिन संवाद लिहिला. त्यांत संत अगस्तीन त्याच्या पायांतील दोन शृंखला दाखवितात : लॉरेचें प्रेम व कीर्तीची हांव. तो दोष नाकारीत नाहीं. परंतु ओढ आवरण्याचें बळ आपल्या अंगीं नाहीं, हेंही कबूल करितो. अविवाहित असतां दोन अपत्यांचा पिता झालेला हा मनुष्य स्वतःस साधु म्हणवीत नव्हता. मनुष्य अज्ञानानें बुडत नाहीं तितका उद्यांवर टाकल्यानें बुडतो, हें त्याच्या जीवनाचें सार आम्हांस वाटतें.

१३७४ च्या जुलैंत आर्क्वा गांवीं त्याचा अंत झाला. त्याच्या ३६६ गीतांच्या संग्रहांतील अखेरचें गीत लॉरेला उद्देशून नाहीं. तें पवित्र कुमारी मरियेच्या चरणीं केलेली प्रार्थना आहे. वाट चुकत कां होईना, तो वर येतच होता. प्रिय वाचकहो, आपण मात्र उद्यांची वाट पाहूं नये.