‘निर्मम’ म्हणजे कोण? गाडगेबाबा आठवताना



आज गीतेच्या बाराव्या अध्यायातला तेरावा श्लोक. भक्ताची लक्षणं सांगताना भगवंत सुरुवात करतात ती कुणाचा द्वेष न करण्यापासून. मग मैत्री, करुणा, आणि मग येतो ‘निर्मम’ हा शब्द. मराठीत आपण निर्मम म्हणजे निष्ठुर असंच धरून चालतो. गीतेत तसं नाही, ज्याचं ‘माझं माझं’ सुटलं तो निर्मम. मला हा शब्द टीका वाचून कळला नाही, गाडगेबाबांचं चरित्र वाचून कळला. तोही अर्धाच, खरं सांगायचं तर.

आम्ही भंडाऱ्याचे, बाबा अमरावतीकडचे. आमच्याकडे धान, तिकडे ज्वारी-कापूस. सावकार मात्र दोन्हीकडे सारखाच!

२३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावात एका परीट घरात बाबा जन्मले. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन भावाकडे दापुऱ्याला आली. डेबू मामाची गुरं राखायचा, मोठा झाल्यावर शेतात राबायचा. शाळा नाहीच. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. अक्षर न येणाऱ्या घराला कर्जाचा कागद कसा गिळतो, हे त्याने स्वतःच्याच घरात पाहिलं. म्हणून मुलीच्या बारशाला त्याने दारू-मटणाची रीत मोडली आणि भावकीला गोडाचं जेवण वाढलं. त्या काळी जातीत राहून हे करणं सोपं नव्हतं हो.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि डोक्यावर मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात मागून आणलेली भाकर खायची. गावात शिरले की आधी गटारं-रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तनात उपदेश कमी, प्रश्न जास्त. कर्ज का काढता, नवसाला बकरं का कापता, पोरं शाळेत का नाहीत? जेवायला ताट नसलं तर हातावर भाकर घ्या, पण पोराला शिकवा, हे ते गावोगाव सांगत फिरले.

लोक पैसे द्यायचे. त्यातून ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा झाल्या, मुंबईत जे. जे. इस्पितळात आलेल्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांना निवारा मिळाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. (हेच बाबासाहेब १९५४ ला आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आमच्या जिल्ह्याने ते लक्षात ठेवायला हवं.)

आणि या सगळ्यात घरच्यांना काय मिळालं? काही नाही. बायको कुंताबाई आणि मुलं गरिबीतच राहिली. धर्मशाळेच्या पैशाला घरच्यांचा हात लागू द्यायचा नाही, हा बाबांचा नियम. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली तेव्हा ते कीर्तनाला उभे होते. कीर्तन थांबलं नाही.

इथे मी दरवेळी अडखळते. ज्याचं ‘माझं’ सुटलं त्याला सगळ्यांचीच लेकरं आपली, हे पटतं. पण कुंताबाईंनी तर संन्यास घेतला नव्हता ना! त्यांना न विचारता त्यांच्या वाट्याला आलेली ती गरिबी मला गीतेच्या शब्दात बसवता येत नाही. मराठीतला ‘निर्मम’ आणि गीतेतला ‘निर्मम’ इथे एकाच माणसात दिसतात. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

उद्या चौदावा श्लोक घेऊ, सदा संतुष्ट असणाऱ्या भक्ताचा.