रयतेच्या लेकरांचे पालक : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. बहुधा असा पुरुष आपल्याच ज्ञातीत जन्मलेला असतो आणि त्याचे गुणगान करताना आपल्याही मनास थोडासा अभिमान स्पर्शून जातो. यंदा ही मर्यादा आम्ही बुद्ध्याच ओलांडली आहे. ज्यांचे चरित्र येथे देत आहोत ते कर्मवीर भाऊराव पाटील ना आमच्या ज्ञातीचे, ना आमच्या मराठवाड्याचे. त्यांची कर्मभूमी कृष्णाकाठची. आम्ही गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यातले. तथापि नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत आज जी मुले आईबापांवाचून, छपरावाचून किंवा शाळेवाचून वाढत आहेत, त्यांचा विचार करू लागताच आम्हांस प्रथम आठवण झाली ती याच पुरुषाची. असे का झाले, हे वाचकांस पुढे कळून येईलच.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पायगोंडा, आईचे गंगाबाई. वडील सरकारी नोकरीत असल्याने बदलीच्या गावोगावी हिंडत या मुलाचे बालपण गेले. अभ्यासात त्यांची गती बेताचीच होती. पण अन्यायाची चीड मात्र उपजत होती. अस्पृश्यांना पाणी मिळत नाही हे पाहून त्यांनी लहानपणी एका विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असे सांगतात.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. राजर्षी शाहू छत्रपतींनी त्या काळी निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन देऊन खेड्यातील मुलांपुढे विद्येचे दार उघडले होते. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, दैवज्ञ अशी ती वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. ज्या काळी खेड्यातल्या मुलास शहरात कोणी ओसरीसुद्धा देत नसे, त्या काळी जातीच्या बोर्डिंगाने त्यास भाकरी आणि निवारा दिला. हे उपकार कोणीही विसरू नयेत. आपल्या संघाचे वसतिगृहही याच परंपरेतले आहे.

परंतु या परंपरेची दुसरी बाजूही भाऊरावांना लवकरच अनुभवास आली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनास बसावे, अशी आज्ञा झाली. ती त्यांनी मानली नाही आणि त्यापायी त्यांस बोर्डिंग सोडावे लागले. ज्या जातीच्या घराने त्यांना आसरा दिला, त्याच घराने त्यांना बाहेर काढले. आमच्या समजुतीप्रमाणे भाऊरावांच्या पुढील सगळ्या कार्याचे बीज या एका प्रसंगात आहे. जातीच्या वसतिगृहाची योग्यता त्यांनी जाणली, तसेच त्याचा उंबरठा कोठे आडवा येतो हेही जाणले.

शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. साताऱ्यास शिकवण्या करून त्यांनी पोट भरले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजाराणीच्या पुतळ्यांस डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा अनन्वित छळ झाला. त्यांनी देह पणास लावला, पण खोटे बोलले नाहीत. त्यानंतर ओगल्यांचे कंदील, किर्लोस्करांचे नांगर विकीत ते खेडोपाडी फिरले. सातारा रोडच्या कूपर कारखान्यातही काही काळ होते. या फिरतीत त्यांनी जे पाहिले ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. गुरांमागे धावणारी, बापाच्या कर्जापायी गहाण पडलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली हजारो मुले त्यांच्या दृष्टीस पडली आणि या मुलांस शहाणे करावयाचे तर प्रथम त्यांच्या पोटाची व निजण्याची सोय केली पाहिजे, हे त्यांच्या ध्यानी आले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे भाऊरावांनी सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह उघडले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुले एका पंगतीस बसू लागली, आळीपाळीने भाकऱ्या थापू लागली, एकाच आडाचे पाणी ओढू लागली. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या घराचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. पुढे पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. त्याच्या नावातच एकीचा बोध होता.

या घराची खरी माउली म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या सोवळ्याओवळ्याच्या वळणात वाढलेल्या. पण बोर्डिंगातील प्रत्येक पोर त्यांनी आपल्या पोटचे मानले. कोठीतील धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने एकामागून एक मोडले आणि अखेर गळ्यातले मंगळसूत्रही मुलांच्या भाकरीसाठी दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. संस्थांच्या इतिहासात अशा स्त्रियांना एखादे वाक्य मिळते. वास्तविक तो इतिहास त्यांच्याच चुलीवर शिजलेला असतो.

आता मुद्द्याचे सांगतो. भाऊरावांपाशी पैसा नव्हता, पदवी नव्हती, सत्ता नव्हती. मग एवढा पसारा उभा कसा राहिला? उत्तर असे की, समाजात मदतीचे जे हात सुटे सुटे पसरलेले होते, ते सर्व त्यांनी एका मुलापर्यंत आणून पोहोचविले. शेतकऱ्याच्या खळ्यावरून सुगीचे धान्य आले. घराघरांतील बायांनी दळणाच्या वेळी बाजूस काढलेली मूठभर ज्वारी मुष्टिफंडात आली. कोणी जागा दिली, कोणी पडीक जमीन दिली. ती जमीन मुलांनीच कमवा आणि शिका या तत्त्वाने कसली. हरिजन सेवक संघाकडून साहाय्य आले, संस्थानिकांकडून देणग्या आल्या, सरकारातून अनुदान आले आणि गाडगे महाराजांच्या कीर्तनातून लोकांचे मन आले. देणाऱ्याचा हेतू निरनिराळा असे. कोणास अस्पृश्योद्धार हवा असे, कोणास शेतीची सुधारणा, कोणास पुण्य. पण घेणाऱ्या मुलाला यातले काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याला एकच दार ठाऊक होते आणि त्या दाराशी घोंगडी पांघरलेले, दाढीवाले अण्णा उभे होते. दहा ठिकाणचा हिशेब मांडण्याचे काम अण्णांचे. मुलाचे काम शिकण्याचे.

पुढील वाटचाल थोडक्यात सांगतो. खेड्यांना शिक्षक हवेत म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय निघाले. तेथून बाहेर पडलेल्या तरुणांनी जेथे शाळाच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर शेकडो व्हॉलंटरी शाळा चालविल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडास गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. मध्यंतरी १९४८ च्या सुमारास सरकारची इतराजी होऊन अनुदान बंद पडले. तेव्हा पूर्वी जमविलेले लोकांचे हात कामास आले. शाळा तगल्या आणि अनुदानही पुढे पूर्ववत झाले. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट्. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी हा वटवृक्ष कोसळला. पारंब्या मात्र जमिनीत घट्ट रुजलेल्या होत्या.

आता आपल्या प्रांताकडे वळू. भाऊराव साताऱ्यात बोर्डिंगे काढीत होते तेव्हा आपला मराठवाडा निजामी राजवटीत होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, खासगी शाळा काढावयाची तर परवानगीचा जाच. अशा स्थितीत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, हैदराबादची विवेकवर्धिनी या संस्थांनी विद्येचा दिवा तेवत ठेवला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो; १९५० मध्ये नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. आज लातूरच्या शिकवण्यांची कीर्ती एवढी आहे की, राज्याच्या कानाकोपऱ्यातून मुले तेथे येतात. परंतु त्याच जिल्ह्यांतील कंधार, मुखेड, जळकोट या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मुकादमाची उचल घेतलेल्या आईबापांबरोबर त्यांची पोरेही फडावर जातात. जी मागे राहतात ती म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. शेतकरी पित्याने जीव दिला म्हणून पोरकी झालेली मुले या भूमीस अपरिचित नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे दगावली, तेव्हा किती मुलांचे छत्र हरपले हे आपण पाहिले आहे. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले पुण्याजवळ वाघोलीस नेऊन त्यांस शिकविले. संकट मोठे असले की माणसे धावतात. जे संकट दरवर्षी, एकेका घरात, आवाज न करता येते, त्याकडे कोण धावणार?

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समिती आहे, बाल संरक्षण कक्ष आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. पालक गमावलेल्या मुलास घरीच सांभाळणाऱ्यासाठी बालसंगोपन योजना आहे. हंगामी वसतिगृहांची कल्पनाही आहे. शाळा आहे, अंगणवाडी आहे, आरोग्य केंद्र आहे आणि जातीजातींची वसतिगृहे आहेत. हात पुष्कळ आहेत. पण ते एकमेकांस ओळखत नाहीत.

येथे आमच्याच पदरचा एक दोष कबूल करणे आम्हांस भाग आहे. काही वर्षांपूर्वी एक म्हातारी आपल्या नातवास घेऊन आमच्या वसतिगृहाच्या दाराशी आली. मुलाचा बाप वारलेला, आई दुसऱ्या घरी गेलेली. मुलगा आमच्या ज्ञातीचा नव्हता. आम्ही सौजन्याने बोललो, चहा दिला आणि दुसरीकडे जाण्यास सांगितले. दुसरीकडे बापाच्या मृत्यूचा दाखला मागितला. तो तालुक्यास होता. तेथून शाळेच्या दाखल्यासाठी परत गावी जावे लागले. एका कचेरीने जातीचे प्रमाणपत्र मागितले, दुसरीने पालकत्वाचा कागद. कोणीही तिला अपमानाने वागविले नाही. कोणीही नियम मोडला नाही. इतक्यात जागा भरल्या, दिवाळी झाली आणि तो मुलगा चुलत्याबरोबर कारखान्यास गेला. पुढल्या वर्षी त्याची चौकशी केली तेव्हा तो स्वतःच कोयता धरू लागल्याचे समजले. त्या म्हातारीने ज्या दारांवर थाप मारली त्यांतले पहिले दार आमचे होते, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

भाऊरावांच्या वेळी ती आली असती तर काय झाले असते? मुलगा त्याच रात्री पंगतीस बसला असता आणि दाखले गोळा करण्यास दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस गेला असता. आधी भाकरी, मग कागद. आणि कागदाची पायपीट मुलाने नव्हे, मोठ्यांनी करावयाची. आम्हांस तरी या थोर चरित्राचा सारा अर्थ एवढ्यातच दिसतो.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, आपल्या वसतिगृहातील काही जागा ज्याला कोणीच नाही अशा कोणत्याही मुलासाठी, जात न विचारता, राखून ठेवाव्यात. दुसरी, प्रत्येक तालुक्यात संघाचा एक जाणता कार्यकर्ता नेमावा. त्याने ग्रामसेवक, शाळामास्तर, अंगणवाडीताई, बाल संरक्षण कक्षाचे अधिकारी आणि इतर ज्ञातींच्या वसतिगृहांचे चालक यांची ओळख ठेवावी आणि दारी आलेल्या मुलाचे काम शेवटास जाईपर्यंत सोडू नये. तिसरी, टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आतच, गावोगावी अशा मुलांची यादी करावी. मूल फडावर गेल्यावर केलेली यादी व्यर्थ होय.

यासाठी पैसा किती लागेल असे कोणी विचारील. भाऊरावांनी मूठभर ज्वारीपासून आरंभ केला होता. आपल्या घरांत ती मूठ अद्याप आहे. जातीचा अभिमान धरणे वाईट नाही. परंतु ज्या ज्ञातीच्या दारातून पोरके पोर विन्मुख जात नाही, तिचाच अभिमान शोभून दिसतो. ती म्हातारी पुन्हा येणार नाही. तिच्यासारख्या दुसऱ्या येतील. त्या येतील तेव्हा आमच्या दाराशी त्यांना एखादा अण्णा उभा दिसावा, एवढीच प्रार्थना करून कर्मवीरांच्या पुण्यस्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो.