विष्णू माधव घाटगे
विष्णू माधव घाटगे (२४ ऑक्टोबर, १९०८ - ६ डिसेंबर, १९९१) हे मराठी विमान अभियंते होते. भारतात संकल्पित व निर्मित झालेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचे ते मुख्य अभिकल्पक होत. त्यांचा जन्म कोल्हापूर परिसरातील हसूरचंपू या गावी झाला.

शिक्षण
मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेऊन घाटगे जर्मनीला गेले आणि गटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रांटल यांनी १९०४ मध्ये सीमास्तराची कल्पना मांडली होती. पंखाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर मंदावतो. पंखाचा कोन फार वाढला की तो पृष्ठभागापासून सुटतो आणि उत्थापन कोसळते. हा थर फटीतून शोषून घेतला, किंवा मागून जोराने हवा फुंकून त्याला वेग दिला, तर तो पंखाला चिकटून राहतो. शोषणाचा प्रयोग प्रांटल यांनी स्वतः केला होता. अशा कल्पनांचा कस वातविवरात, म्हणजे नियंत्रित वाऱ्याच्या बोगद्यात, लागतो. गटिंगेन हे त्या काळी या विद्येचे प्रमुख केंद्र होते.

कार्य
सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. घाटगे तिच्या आरंभीच्या काळातच तेथे रुजू झाले. युद्धकाळात कारखान्याचे बहुतेक काम परदेशी विमानांच्या जुळणी-दुरुस्तीचे होते. तरीही त्यांनी तेथे एका ग्लायडरचे संकल्पन केले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये वैमानिकी विभाग सुरू झाला, तेव्हा त्यांनी तेथे अध्यापनही केले.

ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ ने पहिले उड्डाण केले. या दोन आसनी विमानाचे पंख साधेच होते, त्यांत हवा फुंकण्याची योजना नव्हती. नवशिक्याच्या विमानाला ती परवडलीही नसती. पुढे नाशिकजवळील ओझर येथे बांधल्या गेलेल्या मिग-२१ बिस या लढाऊ विमानात मात्र इंजिनातील हवा फ्लॅपवर फुंकून उतरण्याचा वेग कमी केला जाई. घानाच्या हवाई दलानेही एचटी-२ विमाने घेतली.

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले किरण हे जेट प्रशिक्षण विमान ४ सप्टेंबर, १९६४ रोजी प्रथम उडाले. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाने १९९६ पासून कसरतींसाठी हेच विमान वापरले. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.