विश्लेषण : खोलीत किती चेंडू मावतील? केप्लर यांचे जुने कोडे

तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत टेनिसचे चेंडू किती मावतील? खोलीच्या घनफळाला चेंडूच्या घनफळाने भागले, तर सुमारे १ लाख ७१ हजार. पण हे उत्तर चुकते, कारण गोल वस्तूंमध्ये फटी राहतातच. त्या कमीत कमी किती, याचा अंदाज योहान्स केप्लर यांनी १६११ मध्ये बांधला.

ग्रहगतीच्या नियमांमुळे ओळखले जाणारे केप्लर (जन्म १५७१) तेव्हा प्रागमध्ये सम्राट रुडॉल्फ दुसरे यांचे गणिती होते. पद मोठे, पगार मात्र थकलेला. मित्राला नववर्षाची भेट म्हणून त्यांनी हिमकणांवर छोटी पुस्तिका लिहिली (तशी ही भेट स्वस्तातलीच!). हिमकण षटकोनी का, हे शोधताना ते डाळिंबाचे दाणे आणि गोळ्यांच्या राशींकडे वळले. तोफगोळ्यांच्या ढिगांचा विचार करणारे इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होताच. फळवाला संत्री रचतो तशी, खालच्या थरातल्या खळग्यात वरचा गोळा बसवण्याची रचना सर्वांत दाट, असे केप्लर यांनी मांडले. तीत सुमारे ७४ टक्के जागा भरते. म्हणजे आपल्या खोलीत फार तर १ लाख २७ हजार चेंडू. नुसते ओतले, तर साधारण १ लाख १० हजार.

सिद्धता त्यांनी दिली नाही. त्याच वर्षी पत्नी आणि एक मुलगा दगावले, पुढे प्रागही सुटले. १६३० मध्ये थकलेल्या पैशांसाठी निघालेले केप्लर रेगेन्सबर्गला वारले. सिद्धता अमेरिकी गणिती थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये संगणकाच्या मदतीने मांडली. तिची पूर्ण पडताळणी व्हायला २०१४ उजाडले.