पोलिसांचे सरदार

जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या खांद्यावर अशोकस्तंभ, एक तारा आणि खाली ‘आयपीएस’ ही अक्षरे असतात. अशोकस्तंभ आणि एक तारा ही सैन्यात लेफ्टनंट कर्नलची खूण, म्हणून आपण कॅडेट ती लगेच ओळखतो. पण त्यांच्या हाताखालचा शिपाई राज्य सरकारने भरती केलेला असतो आणि अधीक्षक मात्र अखिल भारतीय सेवेतले. ही रचना उभी करण्यात सर्वांत मोठा वाटा सरदार वल्लभभाई पटेल यांचा.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८७५ रोजी नडियादला झाला. बॅरिस्टर होऊन त्यांनी अहमदाबादेत नाव कमावले, पण गांधीजींच्या सहवासात आल्यावर वकिली सोडली. १९२८ च्या बार्डोली सत्याग्रहापासून लोक त्यांना सरदार म्हणू लागले. मार्च १९३० मध्ये रास गावी पोलिसांनी त्यांना पकडले. पुढे येरवडा तुरुंग झाला आणि १९४२ मध्ये अहमदनगरचा किल्ला. पोलिसांचा राग येण्याचे कारण त्यांच्याइतके कोणाकडे असेल? तरी गृहखाते हाती येताच, ऑक्टोबर १९४६ मध्ये, त्यांनी प्रांतांच्या प्रमुखांना बोलावले आणि इंग्रजांच्या इंपीरियल पोलिसांच्या जागी भारतीय पोलीस सेवा आणायचे ठरवून घेतले. सप्टेंबर १९४८ मध्ये माउंट अबूला अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. आज हैदराबादला असलेल्या या अकादमीला सरदारांचेच नाव आहे.

आपल्या जयपूरशी त्यांचा संबंध तर जिवावर बेतलेला. २९ मार्च १९४९ रोजी दिल्लीहून इकडे येताना विमानाचे इंजिन बिघडले आणि वैमानिकाने ते शाहपुऱ्याजवळ कोरड्या नदीपात्रात उतरवले. सोबत कन्या मणिबेनही होत्या. सगळे वाचले. दिल्लीत मात्र कित्येक तास काही कळत नव्हते. ३० मार्चला त्यांनी ठरल्याप्रमाणे जयपुरात बृहद् राजस्थानचे उद्घाटन केले. जयपूर, जोधपूर, बिकानेर अशा संस्थानांचे वेगवेगळे पोलीस मग एका राज्याचे झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संविधान सभेत काही सदस्यांनी इंग्रजांच्या काळातल्या अधिकाऱ्यांवर टीका केली. सरदारांनी त्यांची बाजू घेतली आणि त्यांना दिलेली हमी पाळायला लावली. पोलीस सेवेचे नाव राज्यघटनेच्या कलम ३१२ मध्ये आले. १८६१ चा पोलीस कायदा मात्र तसाच राहिला. तोही तेव्हाच बदलायला हवा होता, असे मला वाटते.

१५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर प्रशासन आणि पोलीस सेवेतले सुमारे १५०० अधिकारी त्यांच्या दिल्लीच्या घरी जमले आणि त्यांनी देशाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली.