नावातले वडील : चार्ली चॅप्लिन
(द्वितीय वर्ष, कला)

आखूड कोट, ढगळ विजार, डोक्यावर गोल टोपी, हातात वेताची काठी आणि नाकाखाली चिमूटभर मिशी. चार्ली चॅप्लिन म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्या गावात तर जत्रेतल्या सोंगाड्यालाही पोरे चार्ली म्हणतात. मलाही त्याच्याविषयी एवढेच ठाऊक होते. गेल्या वर्षी आमच्या सरांनी महाविद्यालयाच्या सभागृहात 'द किड' हा त्याचा मूकपट दाखविला. सगळे सभागृह खदखदून हसत होते. मी मात्र एका प्रसंगाला रडू लागले आणि शेजारच्या मैत्रिणीला काही कळेना. त्या रडण्याचे कारण शोधीत मी ग्रंथालयात गेले आणि चार्लीचे चरित्र मिळेल तेवढे वाचून काढले. ते वाचताना माझ्या ध्यानात आले की बाप कोणाला म्हणावे हा प्रश्न या माणसाला जन्मभर वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिला. त्याच्या आयुष्याची ती एक बाजू प्रस्तुत लेखात मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

चार्लीचा जन्म लंडनमध्ये १६ एप्रिल १८८९ रोजी झाला. आश्चर्य असे, की एवढ्या जगप्रसिद्ध माणसाची जन्मनोंद कोणत्याही दप्तरात आजवर सापडलेली नाही. त्याचे आईवडील दोघेही रंगभूमीवरचे गायक होते. वडिलांचे नावही चार्ल्स चॅप्लिनच. आई हॅना. तिला लग्नाआधी झालेला सिडनी हा मुलगा चार्लीपेक्षा चार वर्षांनी मोठा. चार्लीच्या वडिलांनी हॅनाशी लग्न केले आणि सिडनीला आपले आडनाव दिले. म्हणजे रक्ताचा नसलेला मुलगाही चॅप्लिन झाला. पण आडनाव देणे वेगळे आणि ताटात भाकरी वाढणे वेगळे. चार्ली अगदी लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. वडील दारूच्या आहारी गेलेले. मुलांच्या पोषणाचे पैसे त्यांच्याकडून वेळेवर कधी येत नसत. हॅनाचा आवाज गेला, गाण्याची कामे बंद झाली आणि ती शिवणकामावर दिवस काढू लागली.

१८९६ साली, चार्ली सात वर्षांचा असताना, तिघांनाही लॅम्बेथच्या वर्कहाऊसमध्ये जावे लागले. ज्यांना पोट भरता येत नाही अशा गरिबांना कोंडवाड्यासारखे ठेवण्याची ती जागा. तिथे आई एका बाजूला आणि मुले दुसऱ्या बाजूला. पुढे दोन्ही भावांना हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत धाडले. तिथे डोक्याला गजकर्ण झाले म्हणून चार्लीचे डोके भादरून औषधाने माखले होते. आपले वडील याच शहरात जिवंत आहेत, नाटकगृहाच्या भिंतीवरच्या जाहिरातीत त्यांचे नाव झळकते आहे आणि आपण अनाथांच्या रांगेत उभे आहोत, हे त्या पोराला कसे वाटले असेल याची कल्पना मला करता येते.

१८९८ साली हॅनाला वेडाचे झटके येऊ लागले आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तेव्हा मुलांना वडिलांच्या घरी पाठविले गेले. वडील दुसऱ्या बाईबरोबर राहत होते. तिला ही पोरे नको होती आणि वडील बहुधा दारूच्या गुत्त्यावर असत. जेमतेम दोन महिने हा संसार चालला. न्यायाने पाहू जाता वडिलांनी एक उपकार मात्र केला. ओळखीने त्यांनी चार्लीला लाकडी बुटांचा नाच करणाऱ्या मुलांच्या एका मंडळीत घातले. तिथेच त्याच्या कलेचा श्रीगणेशा झाला. १९०१ साली दारूनेच वडिलांचा बळी घेतला. वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. चार्ली तेव्हा बारा वर्षांचा होता.

आता गंमत पाहा. ज्या सिडनीच्या रक्ताचा बाप कोण याची खात्री नव्हती, तोच सिडनी पुढे चार्लीचा आधार झाला. तो जहाजावर नोकरी करून घरी पैसे आणी. नाटकमंडळीत स्वतःची सोय लागताच त्याने धाकट्या भावासाठी शब्द टाकला आणि १९०८ साली फ्रेड कार्नो यांच्या मंडळीत चार्लीला काम मिळाले. त्या मंडळीबरोबर तो अमेरिकेला गेला, १९१४ साली पडद्यावर आला आणि दोनचार वर्षांत जगातल्या सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या नटांत त्याची गणना होऊ लागली. १९१६ साली त्याने वर्षाला सहा लाख सत्तर हजार डॉलरचा करार केला. वर्कहाऊसमधल्या पोराची ही झेप कादंबरीत लिहिली तर खोटी वाटेल.

जुलै १९१९ मध्ये त्याच्या पहिल्या पत्नीला मुलगा झाला आणि तीन दिवसांतच ते बाळ गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने 'द किड'ची जुळवाजुळव सुरू केली. हा मूकपट १९२१ साली प्रदर्शित झाला. त्यात एका फटक्या माणसाला रस्त्यात टाकून दिलेले तान्हे मूल सापडते. आधी तो ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो, पण जमत नाही आणि मग तोच त्याला वाढवितो. किटलीची दूधबाटली करतो, जुन्या खुर्चीला भोक पाडून त्याची सोय करतो. पाच वर्षांनी मुलाला तपासायला आलेला डॉक्टर विचारतो, तू या मुलाचा बाप आहेस काय? बाप असल्याचा कागद त्याच्याजवळ नसतो. मुलाला गाडीत घालून नेतात तेव्हा तो कौलांवरून धावत जाऊन गाडीत उडी घेतो आणि मुलाला छातीशी धरतो. मी रडले तो प्रसंग हाच.

याच चार्लीवर पुढे न्यायालयात बाप ठरविले जाण्याची वेळ आली. जोन बॅरी नावाच्या तरुण नटीशी त्याचे काही काळ संबंध होते. जून १९४३ मध्ये तिच्या वतीने असा दावा दाखल झाला की तिच्या पोटातल्या मुलाचा बाप चार्ली आहे. ऑक्टोबरमध्ये मुलगी जन्मली. उभयपक्षी असे ठरले की तीन डॉक्टरांनी रक्त तपासावे आणि चार्ली बाप नाही असे निघाले तर दावा मागे घ्यावा. फेब्रुवारी १९४४ मध्ये तपासणी झाली. आईचे रक्त ए गटाचे, मुलीचे बी गटाचे आणि चार्लीचे ओ गटाचे निघाले. मुलीच्या रक्तातला बी हा गुण आईकडे नव्हता, म्हणजे तो बापाकडूनच यायला हवा. ओ गटाच्या माणसाकडे तो नसतोच. मुलीचा बाप बी किंवा एबी गटाचाच असला पाहिजे, चार्ली असू शकत नाही. विज्ञानाने निकाल दिला होता.

पण न्यायालयाने तो मानला नाही. आईने केलेला करार मुलीवर बंधनकारक नाही, तिचे हक्क स्वतंत्र आहेत, असे सांगून खटला पुढे चालविण्यात आला. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्यात रक्ततपासणी अखेरची मानली जात नसे. इतर पुराव्यांसारखा तोही एक पुरावा होता. पंचांसमोर त्या तान्ह्या मुलीला आणून चार्लीच्या चेहऱ्याशी तिचा चेहरा ताडून पाहण्यात आला. मुलीच्या वकिलाने चार्लीला वाटेल तशी दूषणे दिली. पहिल्या वेळी पंचांचे एकमत झाले नाही. एप्रिल १९४५ मध्ये दुसऱ्या पंचमंडळाने अकरा विरुद्ध एक अशा मतांनी चार्लीला बाप ठरविले. मुलगी सज्ञान होईपर्यंत दर आठवड्याला पंचाहत्तर डॉलर पोटगी त्याच्यावर बसली. १९४६ साली अपीलही फेटाळले गेले. या निकालावर पुष्कळ टीका झाली आणि १९५३ साली कॅलिफोर्नियाने रक्ततपासणीला निर्णायक महत्त्व देणारा कायदा केला. चार्लीला त्याचा उपयोग नव्हता. त्याची बदनामी व्हायची ती झाली होती. १९५२ साली तो इंग्लंडला निघाला असता अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. मग पत्नी ऊना आणि मुलांसह तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला. त्यांना आठ मुले झाली. २५ डिसेंबर १९७७ रोजी त्याने जगाचा निरोप घेतला.

या हकिकतीत मला तीन प्रकारचे बाप दिसतात. रक्ताने आणि नावाने बाप असून घरात नसलेला, तो चार्लीचा बाप. रक्ताने नसून न्यायालयाने ठरविलेला, तो चार्ली स्वतः. आणि रक्त नाही, कागद नाही, तरी कौलांवरून धावणारा, तो पडद्यावरचा फटका माणूस.

आज रक्तगटाच्या पुष्कळ पुढे विज्ञान गेले आहे. १९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. रक्तगटाने अमका बाप नाही एवढेच सांगता येई. डीएनएने आहे हेही जवळजवळ खात्रीने सांगता येते. आता तर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घरबसल्या नमुना पाठविता येतो. मात्र तो नमुना खरोखर कोणाचा, याला साक्षीदार नसल्याने अशा घरगुती अहवालावर न्यायालय विसंबत नाही. आपल्या देशात १८७२ च्या पुरावा कायद्यापासून असे मानले जाते की लग्न टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच. त्या काळात पतिपत्नींचा संबंध येणेच शक्य नव्हते असे सिद्ध केले तरच हे खोडता येते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. २०१४ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवालाला या गृहीतापेक्षा अधिक मोल दिले. उलट २०२३ साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात, नवराबायकोच्या भांडणात मुलाला ओढू नये म्हणून चाचणीला नकार दिला. मला दोन्ही निकालांतले म्हणणे पटते, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड वाटतो.

अवघड वाटण्याचे आणखी एक कारण आहे. ते आईला विचारूनच इथे लिहिते आहे. मी पोटात असताना माझ्या वडिलांनी हे मूल माझे नाही असे म्हणून आईला माहेरी आणून सोडले. मी त्यांना कधी पाहिलेले नाही. तरी माझ्या प्रत्येक दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, माझ्या आणि आडनावाच्या मध्ये त्यांचे नाव आहे. मला मामाने वाढविले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेशाच्या दिवशी मामा पहाटेच्या एस.टी.ने माझ्याबरोबर आला होता. खिडकीवरच्या माणसाने अर्ज परत केला आणि वडिलांची सही आणा म्हणून सांगितले. मामा काही बोलला नाही. तासभर उन्हात उभा राहिला आणि मग पुन्हा रांगेला लागला. शेवटी कोणीतरी पालक म्हणून त्याची सही चालेल असे सांगितले, तेव्हा त्याने शर्टाला हात पुसून सही केली.

अलीकडे एका नातेवाइकाने सुचविले की आता अशी चाचणी सहज होते. वडिलांना गाठून ती करून घे, तुझ्या आईवरचा डाग जाईल. मी पुष्कळ दिवस विचार केला. चार्लीला विज्ञान न मानल्याने अन्याय झाला, म्हणून चाचणी वाईट असे मी म्हणणार नाही. ज्याच्यावर खोटा आळ आला त्याला तिचा आधार मिळालाच पाहिजे. पण कायदा मला आजही त्यांचीच मुलगी मानतो. आणि आईवर डाग आहे असे मानले तरच तो धुवायचा. मी आईला विचारले. ती चुलीपुढे बसली होती. तिने मान हलविली आणि भाकरी उलटली. मी चाचणी करणार नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव लागते. माझ्या नावात ते नाही आणि मामाचे नाव तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. माझ्या प्रवेश-अर्जावर 'पालकाची सही' या शब्दांसमोर तेवढे त्याचे वेडेवाकडे अक्षर आहे. त्या अर्जाची एक प्रत मी जपून ठेवली आहे.